डीआरडीओत उन्हाळी इंटर्नशिप: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होतो. परत आल्यापासून ज्युनिअर मुलांचे फोन थांबलेले नाहीत. अर्धे प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी मेकॅनिकलचा, गाव खानापूर तालुक्यातलं, वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर टर्नर. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे वडिलांचा संबंध येणार आहे.

दादा, कुठल्या लॅबमध्ये होतास ते सांग की.

सांगणार नाही. आत शिरताना जो कागद सही केला त्यात सगळं होतं. नाव कळून तुमचं काही अडणारही नाही, कारण अर्ज तुम्ही तुमच्या शाखेप्रमाणे करायचा आहे, माझ्या लॅबप्रमाणे नाही.

मग कुठे अर्ज करायचा? दिल्लीला का?

इथेच बरीच मुलं चुकतात. डीआरडीओचं मुख्यालय दिल्लीत आहे, पण इंटर्नशिपचा निर्णय त्या त्या लॅबचा असतो आणि शेवटचा शब्द लॅबच्या संचालकांचा. संस्था 1958 सालची, लॅब देशभर पसरलेल्या. नशीब असं की आपण बरोबर मधे बसलोय. वर पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आत, खाली बंगळूर पाचशेच्या आसपास, आणि देशातल्या बऱ्याच मोठ्या लॅब या दोन शहरांत आहेत.

पुण्यात पाषाणला एआरडीई आहे. तोफा, दारूगोळा, रायफली, पिनाका रॉकेट हे तिचं काम. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही चालतात. सुतारवाडीला एचईएमआरएल, म्हणजे स्फोटकं आणि रॉकेटचं इंधन. केमिकल आणि केमिस्ट्रीवाल्यांनी आधी तिथे बघावं. ही लॅब 1908 मध्ये नैनितालला सुरू झालेल्या एका छोट्या रसायन तपासणी प्रयोगशाळेतून वाढली. दिघीला आर अँड डीई इंजिनिअर्स आहे. ट्रकवरून उलगडत जाणारा ‘सर्वत्र’ पूल तिथला. सिव्हिलच्या मुलांना वाटतं संरक्षण खात्यात आपलं काय काम. त्यांनी हा पूल आठवावा. गाड्या आणि इंजिनांसाठी अहिल्यानगरची व्हीआरडीई, नौदलाच्या मटेरिअलसाठी अंबरनाथची एनएमआरएल.

बंगळूरला एडीई (मानवरहित विमानं), जीटीआरई (कावेरी इंजिन), एलआरडीई (रडार), सीएआयआर (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबोटिक्स). बायोमेडिकलवाल्यांसाठी डेबेल. म्हैसूरला डीएफआरएल आहे (आता तिचं नाव डीआयबीटी), ती जवानांच्या अन्नावर काम करते. फूड टेक्नॉलॉजीच्या मुली माझ्याकडे विचारायला येतात आणि ही लॅब त्यांना माहीतच नसते, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

दोन-तीन लॅबना अर्ज करा. एकच अर्ज झेरॉक्स मारून दहा ठिकाणी पाठवू नका. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. मी पहिल्या अर्जात ‘आपल्या नामांकित संस्थेत’ असं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यात लिहिलं की स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये मला बीमचा भाग आवडतो, लेथ आणि मिलिंग हाताने चालवता येतं, वडिलांच्या शॉपमध्ये सुट्टीत काम केलंय. त्याला उत्तर आलं.

कधी अर्ज करायचा?

जूनमध्ये जायचं असेल तर जानेवारीत कागद हलले पाहिजेत. माझा अर्ज फेब्रुवारीत गेला आणि एप्रिलच्या शेवटी होकार आला. मधल्या काळात मी रोज मेल बघायचो आणि रोज स्पॅमसुद्धा. मार्चमध्ये एकदा नम्रपणे आठवण केली, तेवढी पुरे. आठवड्याला आठवण करणारा मुलगा कोणालाच नको असतो.

थेट आपण अर्ज केला तर चालतो का, का कॉलेजमार्फतच?

कॉलेजमार्फतच. प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र, लेटरहेडवर, शिक्क्यासह. त्यात तुमचा यूएसएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), सेमिस्टर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे सगळं हवं. आमच्याकडे हे पत्र मिळायला सतरा दिवस लागले. क्लार्क रजेवर, मग शिक्का कपाटात, मग कपाटाची किल्ली क्लार्ककडे. मी कोणावर राग काढत नाही, पण तुम्ही हे सतरा दिवस धरूनच चाला.

आणि विद्यापीठाच्या योजनेत तुमची इंटर्नशिप किती आठवड्यांची मोजली जाते ते आधी विभागात विचारून घ्या. लॅब साधारण चार आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत घेतात. चार आठवडे करून आलात आणि कॉलेज म्हणालं सहा हवेत, तर परत कोणी बोलावत नाही.

आमच्या कागदपत्रांत ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ असं दोन्ही आहे. अडतं का?

हा प्रश्न पुण्याच्या मुलाला कधी पडणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त याच्याबद्दलच विचारतात.

1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं सरकारी नाव बदललं. आपल्यातल्या बहुतेकांचा जन्म त्याआधीचा. म्हणजे जन्मदाखल्यावर जुनं नाव, आधारवर नवं, वडिलांच्या रेशन कार्डावर आणखी तिसरंच स्पेलिंग. एवढ्यावरून कोणी परत पाठवत नाही. गेटवरच्या लोकांना हे ठाऊक असतं, नसेल तर एका वाक्यात पटतं.

खरी अडचण गावाच्या नावाची नाही, तुमच्या नावाची असते. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर आडनाव पुढे, आधारवर मागे, कॉलेजच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव नुसतं आद्याक्षर. त्यातून शाळेत नाव कन्नडमध्ये नोंदवलेलं, मग तिथून कोणीतरी इंग्रजीत उतरवलेलं. ‘पाटील’ला कुठे दोन ई, कुठे एक आय. ‘चव्हाण’ची तर मी चार रूपं बघितली आहेत, एकाच घरात. पुण्याच्या लॅबमधला माणूस एसएससी म्हणतो, आपण एसएसएलसी म्हणतो. तो बारावी म्हणतो, आपण पीयूसी म्हणतो. मार्क्स कार्डावर अर्धा मजकूर कन्नड. हे सगळं एका टेबलावर ठेवलं की समोरच्याला वाटतं, ही तीन वेगवेगळी मुलं आहेत.

उपाय सोपा आहे पण आधी करावा लागतो. आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र, ही दोन तरी अक्षराला अक्षर जुळली पाहिजेत. अर्ज त्याच नावाने. जुळत नसतील तर शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून नोटरी करून घ्या, की हा आणि हा एकच माणूस. कोर्टासमोर टायपिंगवाले बसतात, त्यांच्याकडे तयार मसुदा असतो. माझ्याकडे मागितलं नाही, पण माझ्याबरोबर निपाणीचा एक मुलगा होता, त्याच्याकडे मागितलं, आणि त्याच्याकडे नव्हतं. त्याचे पहिले चार दिवस गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले.

पोलिस व्हेरिफिकेशन लागतं का? ते मराठीत होतं का?

काही लॅब मागतात, काही कॉलेजच्या पत्रावर भागवतात. मागितलं तर कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज करायचा, तो कन्नड किंवा इंग्रजीत. मग ठाण्यातून बोलावणं येतं. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. तिथले हवालदार कन्नड बोलत होते, वडील कन्नड बोलले, काम वीस मिनिटांत झालं. ‘डिफेन्स’ हा शब्द ऐकून त्यांनी मला पाणी विचारलं. आपल्याकडे पलटणीला मान आहे, तो दोन्ही भाषांत आहे.

माझं कन्नड नुसतं ‘गोत्तिल्ल’ (माहीत नाही) म्हणण्यापुरतं आहे असं मी आधी कौतुकाने सांगत असे. त्या दिवसापासून सांगत नाही.

ओळख किंवा शिफारस लागते का?

माझी कोणाशीच ओळख नव्हती. मात्र एखाद्या सरांचा जुना विद्यार्थी तिथे असेल आणि त्याने सांगितलं की अमुक गटात या उन्हाळ्यात जागा आहे, तर त्याचा फायदा होतो. याला मी वशिला म्हणणार नाही, माहिती म्हणेन. पैसे घेऊन ‘डीआरडीओत लावून देतो’ म्हणणारे असतात. अशाचा फोन आला तर ठेवून द्या. अर्जाला फी नसते.

पैसे मिळतात का?

मला नाही मिळाले. उन्हाळ्यातली चार-सहा आठवड्यांची इंटर्नशिप बहुतेक विनामानधन असते. काही लॅब सहा महिन्यांसाठी मानधनाच्या जागा जाहिरात देऊन भरतात, त्या वेगळ्या. आयटीआय, डिप्लोमा, डिग्रीवाल्यांसाठी अप्रेंटिसच्या जागाही निघतात. त्यात स्टायपेंड असतो, पण ते वर्षभराचं काम आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत बसत नाही.

माझा सहा आठवड्यांचा खर्च साडेसतरा हजार झाला. तिघांत एक खोली, मेस, पीएमटी. (पुण्याचे लोक आता पीएमपी म्हणतात, पण बसमधले म्हातारे अजून पीएमटीच म्हणतात, आणि मी त्यांच्या बाजूचा.) यातले सात हजार मी मे महिन्यात उद्यमबागेत एका वर्कशॉपला काम करून जमवले होते. घरची ओढाताण असेल तर हे आधी नीट मोजा. फुकट काम करायला जायचं आणि वर पैसे घालायचे, हे ज्याला परवडत नाही त्याच्यात काही कमी आहे असं अजिबात नाही. ही व्यवस्था तशीच आहे, आणि ती मला पटत नाही.

पुणे बरं का बंगळूर?

शाखेप्रमाणे लॅब निवडा, शहराप्रमाणे नको. पण आपल्या बाजूचं एक सांगतो. पुण्यात भाषेची अडचण नाही असं आपण धरून चालतो. पहिल्या दिवशी खोलीवर मी आईशी फोनवर बोललो आणि साताऱ्याचा रूममेट म्हणाला, ‘तू मराठी बोललास ना आत्ता?’ आमचं ‘काय करूलास, जाऊलोय, जेवूलोय’ ऐकून त्याला वाटलं ही कुठली तरी कोकणी. पंधरा दिवसांनी तोच ‘येऊलोय’ म्हणायला लागला.

बंगळूरला रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची, झोपून जायचं. पुण्याला एसटी किंवा वायव्य कर्नाटकची बस. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर 2024 पासून बेळगाववरून जाते, पण तिचं तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला जड.

आणि रुजू व्हायच्या तारखेच्या निदान दोन दिवस आधी पोचा. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद तापला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या होत्या. असं पुन्हा झालं तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर उतरून, चालत पलीकडे जाऊन, कागलहून दुसरी गाडी, हा आपल्याला माहीत असलेला रस्ता. लॅबच्या गेटवर हे कारण सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. तुमच्यावरही येऊ नये.

पहिल्या दिवशी काय होतं?

वाट बघणं. गेटवर फोन जमा, स्मार्ट घड्याळ जमा, पेन ड्राइव्ह असेल तर तो तुमच्या दप्तरात का आहे याचं उत्तर. फोटो काढून पास बनतो. डबासुद्धा उघडून दाखवावा लागतो. माझ्या डब्याशेजारी आईने कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, पुडा दिला होता, गाइडसाठी. गेटवरचे दोघे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले जवान. एकाने पुड्यावरचं दुकानाचं नाव वाचलं आणि विचारलं, ‘बेळगावचा काय रे?’ ते मराठा लाइट इन्फंट्रीचे होते, रिक्रूट म्हणून बेळगावच्या सेंटरला घासलेले. त्यांनी कॅम्पातल्या रस्त्यांची नावं एकेक करून विचारली, जणू मी खरंच तिथला आहे का याची हीच तपासणी. कुंद्याचा एक तुकडा गेटवरच राहिला. पुढचे सहा आठवडे माझा पास सगळ्यात आधी निघायचा.

नंतर एका खोलीत आम्हा नऊ मुलांना बसवून नियम सांगितले. शिकाऊ मुलांना फक्त जिथे गोपनीय काम चालत नाही अशाच भागात जाता येतं. ठरलेल्या इमारतीतून ठरलेल्या कँटीनला, एवढाच रस्ता. दुखापत झाली तर संस्था भरपाई देत नाही आणि पुढे नोकरी द्यायला बांधील नाही, हे आधीच लिहून घेतात.

मिसाइल बघायला मिळतं का?

नाही.

मग सहा आठवडे केलंस तरी काय?

एक पट्टी वाकवली. हसू नका, पूर्ण ऐका. हा शिकाऊ मुलांना देतात तो प्रयोग आहे, कुठल्याही पुस्तकात सापडेल, म्हणून लिहायला हरकत नाही. मी गाइडना विचारूनच लिहितोय.

अॅल्युमिनिअमची एक पट्टी, एका टोकाला घट्ट आवळलेली, दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं. आवळलेल्या टोकाजवळ स्ट्रेन गेज चिकटवायचा. गेज म्हणजे बोटाच्या नखाएवढा पातळ पापुद्रा, त्यात नागमोडी बारीक तार. पट्टी ताणली की तार ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध किंचित वाढतो. त्या वाढीवरून ताण काढायचा. मोठे पूल, विमानाचे पंख, तोफेचा गाडा, सगळीकडे हीच युक्ती.

चिकटवणं हेच पहिलं आठवडाभराचं काम होतं. पट्टी पॉलिश पेपरने घासायची, अॅसिटोनने पुसायची, पुसलेला कापूस काळा यायचा थांबेपर्यंत पुसायची. मग दोन बारीक रेघा मारून गेज त्यावर धरायचा, चटकन चिकटणाऱ्या डिंकाचा एक थेंब, आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून ठेवायचं. माझे पहिले चार गेज वाया गेले. एकाखाली हवेचा बुडबुडा, एक तिरका, एकाची तार सोल्डर करताना जळाली, आणि एक माझ्या अंगठ्याला चिकटून आला.

आता अडचण बघा. गेज 120 ओहमचा. पट्टीला एक किलो टांगलं की त्यात फरक पडतो सुमारे 0.06 ओहमचा. साध्या मल्टिमीटरला हा दिसतसुद्धा नाही. म्हणून व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रोधातला बारीक फरक पकडणारी चार रोधांची जोडणी. पीयूसीला परीक्षेपुरता पाठ केलेला तो चौकोन प्रत्यक्ष कामाला आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या आठवड्यात आकडे घ्यायला सुरुवात केली आणि दुपारी आकडे सरकायला लागले. वजन तेच, आकडा वेगळा. कारण होतं खिडकी. अॅल्युमिनिअम एका अंशाला दहा लाखात साधारण 23 भाग वाढतं, आणि दोन वाजता ऊन पट्टीवर यायचं. त्यासाठी जवळ बिनवजनाच्या दुसऱ्या पट्टीवर तसाच गेज लावून ब्रिजच्या दुसऱ्या बाजूला जोडतात, म्हणजे उन्हाचा परिणाम दोन्हीकडे सारखा होऊन कटतो. आम्ही ती दुसरी पट्टी सोयीसाठी शेजारच्या टेबलावर ठेवली होती. सावलीत.

याच्यात अवघड काय होतं?

हे मला स्वतंत्रपणे कोणी विचारलेलं नाही, पण याचं उत्तर द्यायचं म्हणून तर हे सगळं लिहायला घेतलं.

हिशेब असा होता. गेजपासून वजनापर्यंत 300 मिलिमीटर, पट्टीची रुंदी 25, जाडी 6. एक किलोला ताण यायला हवा 280 मायक्रोस्ट्रेन, म्हणजे दहा लाखात 280 भाग. आमचा आकडा येत होता 250. ऊन नाही, खिडकी बंद, दुसरी पट्टी शेजारी, तरी 250. सकाळी 250, संध्याकाळी 251. चूक इतकी शिस्तीत येत असेल तर ती चूक वाटतच नाही.

आम्ही गेजवर संशय घेतला, नवा लावला. 250. डिंकावर घेतला, तारांवर घेतला, आकडे नोंदवणाऱ्या लॉगरवर घेतला. वजनं काट्यावर मोजून आणली, ती बरोबर निघाली. माझ्या जोडीदाराने कॉम्प्युटरवर पूर्ण मॉडेल केलं, बारीक जाळी टाकून, आणि त्याचं उत्तर छान 280 आलं. त्यामुळे आम्ही जास्तच गोंधळलो. गाइड रोज येऊन वही बघायचे, काही बोलायचे नाहीत, जायचे. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी रात्री घरी फोन केला. वडिलांनी विचारलं, ‘काय करूलास रे तिथं?’

‘पट्टी वाकवूलोय.’

‘केवढ्याची?’

‘सहा एमएमची.’

‘मोजलास?’

‘ड्रॉइंगवर हाय की सहा.’

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘बाजारात सहा म्हणून देतात ती दोन सुताची असती.’ आणि आईकडे फोन दिला.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे 6.35. दुसऱ्या दिवशी गेटमधून आत गेलो तो थेट मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, हातात घेतलं. 6.35. जाडीचा वर्ग येतो हिशेबात, म्हणून जाडीतला एवढासा फरक ताणात दहा टक्क्यांहून मोठा होऊन बसतो. नव्या जाडीने मांडलं तर उत्तर 250.

चार दिवस आम्ही महागडी उपकरणं तपासत होतो. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मायक्रोमीटर होता.

गाइडनी वही बघितली, आकड्याखाली बारीक रेघ मारली आणि म्हणाले, ‘मॉडेललाही हेच सांगा.’ वडिलांचं शिक्षण सातवीपर्यंत, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘त्यांना इथे आणता येणार नाही, पास मिळणार नाही.’ त्यांची विनोद करायची पद्धत तशीच होती.

घरी, मित्रांना काय सांगायचं?

वहीत काय आहे, कोणत्या इमारतीत बसता, कोण साहेब आहेत, शेजारच्या शेडमध्ये कसला आवाज येतो, यातलं काही नाही. शासकीय गुप्तता कायदा 1923 चा आहे आणि अजून लागू आहे. फोटोचा प्रश्न येत नाही, कारण फोन गेटवर. पण गेटबाहेर पाटीसमोर उभं राहून सेल्फी काढून स्टेटसला ठेवणारा एक होताच. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. तो परत आला तेव्हा स्टेटस नव्हतं आणि चेहराही उतरलेला होता.

गावात मात्र गंमत. मी जितकं गप्प बसेन तितका माझा हुद्दा वाढत गेला. गणपतीत गावी आलो तेव्हा मी ‘रॉकेट सोडतो’ असं मारुतीच्या पारावर ठरून गेलं होतं. आई अजून ते कोणाला खोडून सांगत नाही.

मराठी माध्यमात शिकलोय. इंग्रजीचं कसं?

मीही सातवीपर्यंत मराठी शाळेत. लॅबमध्ये पुण्यात मराठी-हिंदी चालते, अहवाल इंग्रजीत. बोलताना अडखळलात तर कोणी काही म्हणत नाही, पण लिहिताना आकड्याला एकक लावलं नाहीत तर म्हणतात. माझ्या पहिल्या अहवालाच्या सोळा पानांची शेवटी सात झाली. गाइडनी जी पानं काढली त्यात माझ्या मते सगळ्यात भारी इंग्रजी होतं.

मुलींना अडचण येते का?

आमच्या नऊ जणांत चार मुली होत्या. कामात फरक नव्हता. राहायची सोय लॅब बहुतेक करत नाही, म्हणून वसतिगृह किंवा नातेवाईक आधी ठरवा. घरच्यांना पटवायचं असेल तर अग्नी-4 क्षेपणास्त्राच्या प्रकल्प संचालक राहिलेल्या टेसी थॉमस यांचं नाव सांगा. क्षेपणास्त्रांचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी पुण्यातच, गिरीनगरच्या संस्थेत घेतलं. खानापूरच्या एका मैत्रिणीने हेच वाक्य आजीला सांगितलं. आजी म्हणाली, ‘तिच्या आजीनं सोडलं, मग मी का अडवू.’

इंटर्नशिपवरून पुढे नोकरी लागते का?

थेट नाही, एका टक्क्यानेही नाही. सायंटिस्ट ‘बी’ची भरती आरएसी नावाची वेगळी यंत्रणा करते, ‘गेट’ या परीक्षेचे गुण आणि मुलाखतीवर. मूळ पगार 56,100 पासून. तांत्रिक पदांची भरती सेप्टॅम या डीआरडीओच्याच भरती केंद्रामार्फत, त्यात डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनाही जागा असतात. आपल्या भागात आयटीआय करून बसलेली एवढी पोरं आहेत, पण सेप्टॅमची जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचत नाही. एमटेक किंवा गेट परीक्षेनंतर जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) म्हणून लॅबमध्ये जाता येतं, महिना 37,000 आणि घरभाडं. मला तोच रस्ता बरा वाटतो, म्हणून सध्या गेट परीक्षेची तयारी करूलोय.

नाही मिळाली तर?

तर उद्यमबागेत जा. मी मनापासून सांगतोय. तिथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये दोन महिने काढलेला मुलगा हातात जॉब, म्हणजे घडवायचा भाग, घेताच आधी मोजतो. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, तिथेही विचारून बघा. बंगळूरला एनएएल ही विमान संशोधनाची प्रयोगशाळा आहे, ती सीएसआयआर या दुसऱ्या सरकारी संशोधन संस्थेची, डीआरडीओची नव्हे. अर्ज वेगळा, पण विद्यार्थी घेतात.

शेवटच्या दिवशी काय होतं? प्रमाणपत्र लगेच मिळतं का?

अहवाल आधी तपासायला जातो, त्यातून काय बाहेर न्यायचं ते ते ठरवतात. वही तिथेच राहते. पास परत द्यायचा, ग्रंथालय, स्टोअर, सगळीकडून ‘काही येणं नाही’ अशा सह्या आणायच्या. प्रमाणपत्र मला अकरा दिवसांनी पोस्टाने आलं. त्यावर माझं नाव बरोबर होतं, गावाचं ‘बेळगावी’ होतं आणि तालुक्याचं स्पेलिंग चुकलं होतं.

निघताना मी गाइडना विचारलं, ती पट्टी ठेवून घेऊ का. नाही म्हणाले. पुढच्या वर्षीच्या मुलांना लागणार होती, आणि ड्रॉइंगवर अजूनही सहाच लिहिलेलं आहे.